बंद माईकवरचं बोलणं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. उभं आयुष्य वायरी आणि फ्यूजमध्ये गेलं... आवाज आला नाही की कुठंतरी वायर तुटलेली असते, एवढंच मला ठाऊक. पण इथं सगळ्यांचे अनुभव वाचतो, म्हटलं आपलाही एकदा सांगून टाकावा. भीतीदायक वगैरे काही नाही हं, नुसती लाज वाटण्यासारखा आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सोलापुरात बाळीवेशीत मलप्पाकाकांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, बारसं, गणपती — कर्णा बांधायचा आणि रेकॉर्डी लावायच्या. मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो; मला ते 'बसू' म्हणायचे. विधुर माणूस, भाकऱ्या स्वतःच थापायचे, पण माझ्या दोन धरूनच. त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सुई टेकवताना चर्र व्हायचं आणि मांडवात लोक हसायचे.

तेवढ्यात मला पहिली स्वतंत्र ऑर्डर मिळाली. रेल्वे लाईन्समध्ये एका डॉक्टरांच्या बंगल्यावर वाढदिवसाची पार्टी — आणि तीही नाचाची! आता डीजे म्हणतात ना, तेच काम; तेव्हा आम्हाला तो शब्द माहीत नव्हता. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू झालं पाहिजे, म्हणून दोन प्लेअर शेजारी मांडून मी आठ दिवस सराव करत होतो. मधे मधे माईकवर बोलायचं, लेडीज अँड जंटलमेन वगैरे. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आपला पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. "मी नुसता कोपऱ्यात बसून बगतो की," म्हणाले.

आणि मला नेमकं तेच नको होतं.

पार्टीच्या तीन दिवस आधी काका अक्कलकोटला बहिणीकडे गेले. दुपारी दुकानात मी आणि माझा दोस्त अन्वर, दोघंच. लाईट गेलेली, मशीनची पिन काढलेली, बॅटरी चार्जिंगला दिलेली — हे नीट लक्षात घ्या. मी बंद माईक हातात धरला आणि गंमत म्हणून काकांची नक्कल सुरू केली. थरथरता हात, लांबवलेला आवाज... "मांडवातल्या समद्या पावण्यांनाऽऽ..."

अन्वर पोट धरून हसत होता. "हुबेहूब रे! और एक बार कर की!"

मला आणखीच चेव आला. म्हणालो, "म्हाताऱ्याची सुई झिजली आता. पार्टीला आला नाही तर बरं, चारचौघांत माझी लाज जाईल!"

दुसऱ्या दिवशी काका एसटीनं थेट दुकानात आले. बहिणीनं दिलेली शेंगाचटणी माझ्यापुढं ठेवली आणि फडक्यानं रेकॉर्ड पुसत बसले. वर न बघताच म्हणाले, "बसू, काल दुपारी बोललास ते समदं आलं बग. एक अक्षर गळालं न्हाय."

"कुठं आलं काका?"

"अक्काच्या परसात बसलो हुतो. लांबनं कर्ण्यातनं यावा तसा तुजा आवाज. मला वाटलं, लगीन हाय कुणाचं तरी. अक्काला इचारलं, तर तिला काय ऐकू येईना." रेकॉर्ड उलटी केली. "माईक तोंडाला लई चिकटवतोस. 'पार्टी' म्हणलास ना, तितं फाटला आवाज. चार बोटं लांब धर."

अक्कलकोट चाळीस किलोमीटर! अन्वरनं सांगितलं असेल म्हणाल, तर तो अजून काकांना भेटलाही नव्हता.

तेव्हाच पाय धरायला हवे होते. दोन शब्दांचं काम — काका, चुकलो. पण मी मूर्ख! हसून म्हणालो, "काहीतरीच काय काका! डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "हौदप्पा," म्हणाले, म्हणजे हो रे बाबा. मनाला लागलं की ते कानडीत बोलायचे. "आसंल. सपान आसंल."

पार्टीला ते आले नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. कार्यक्रम झकास झाला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. महिन्याभरात काकांनी दुकान माझ्या हवाली केलं आणि कायमचे अक्कलकोटला गेले. मी आपला जाईन जाईन म्हणत राहिलो. लग्नसराई, ऑर्डरी... खरं सांगू? तोंड दाखवायची हिंमत नव्हती. वर्षभरानं गेलो तो थेट त्यांच्या मातीला.

तिथं अक्का म्हणाल्या, "लई वाट बघितली बाबा तुझी. रोज दुपारी जेवला की परसात जाऊन बसायचा, सोलापूरकडं कान करून. म्हटलं, उन्हात कशाला बसतोस रे? तर म्हणायचा — बसू कायतरी बोलंल, बगतो."

तो आवाज तिकडं कसा गेला, हे पन्नास वर्षांत मला कळलेलं नाही. जाणकारांना विचारलं, तेही हसले. पुन्हा गेला असता की नाही, देव जाणे... पण काका वर्षभर रोज ऐकायला बसत होते, आणि मी एकदाही काही बोललो नाही.