भिकनभाऊंची भेंडाची विमानं

भिकन फुलारी भुसावळला रेल्वेच्या कचेरीत नकाशे उतरवायचं काम करी. त्याचे वडील लग्नसराईत बाशिंगं करीत. त्यामुळे तळ्यातल्या भेंडाच्या त्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यावर त्याचा हात लहानपणीच बसलेला. कचेरीतल्या रद्दीत एकदा त्याला बिनइंजिनाच्या विमानाचं चित्र सापडलं. ग्लायडर म्हणतात त्याला, हे साहेबाकडून कळलं. घरी येऊन त्यानं भेंडाचे पंख कापले, बांबूच्या कांब्या तासल्या, पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. पहिली कित्येक विमानं नाक वर करून शेपटीवर आपटली. त्यानं नाकात शिशाचा तुकडा घातला, पंख मागे सरकवले आणि एका हिवाळ्यात विमान खरंच तरंगलं. तेव्हा त्याच्या शेजारी पंडित होता.

पंडित मालगाडीवर गार्ड. दोघं एकाच चाळीत राहत. नशिराबादच्या वाटेवर, गावाबाहेर एक मोठं बरड, ओसाड माळरान होतं. रविवारी पंडितची पाळी नसली की दोघं पहाटेच तिथे जात. एकानं दोरा धरून पळायचं, दुसऱ्यानं विमान सोडायचं. विमान वर गेलं, दोरा सुटला, की दोघं नुसते बघत उभे राहायचे. बोलायचं काही नसायचं.

हळूहळू लोक जमू लागले. कारकून, फिटर, एक पोस्टमन. भिकन सगळ्यांना हौसेनं शिकवी, पण त्याची एक अट होती. ज्यानं त्यानं आपलं विमान आपल्या हातानं करायचं. लोक महिनाभर खपायचे. विमान पहिल्याच फेकीत मोडायचं. पुढच्या रविवारी माणूस दिसायचा नाही.

"एखाद्याला तुझं उडवायला दे की," पंडित म्हणायचा. "गोडी लागू दे आधी."

"फुकटची गोडी टिकत नाही," भिकन म्हणायचा.

अडतीस साली जळगावच्या मांगीलालशेठनं आपल्या दुकानात मुंबईहून तयार विलायती ग्लायडर मागवले. रंगवलेले, गुळगुळीत, खोक्यातून काढले की उडणारे. बघता बघता बरडावर गर्दी झाली. जळगावहून लोक गाडीनं येऊ लागले. मांगीलालशेठ स्वतःही एकदा आले आणि भिकनला म्हणाले, "भाऊ, माणूस आधी उडवील, मग बनवील. माझ्या गिऱ्हाइकांना तुम्ही शिकवा. तुमचाच पंथ वाढेल."

भिकननं त्यांना बसायलाही सांगितलं नाही. हा शहाणा माणूस आपल्याला मदत करतोय, हे त्याला दिसलं नाही. त्याला फक्त ती खोकी दिसत होती.

त्यानं संक्रांतीनंतर चढाओढ ठेवली. घरी केलेलं विमानच चालेल, असं जाहीर केलं. त्या दिवशी पंडित आला, तर त्याच्या हातात विलायती ग्लायडर.

भिकनला घाव बसल्यासारखं झालं. "तू पण?"

"असू दे ना. उडवायचंय मला. तू तुझं उडव," पंडित हळू आवाजात म्हणाला.

"का? हात झडले?"

"मागून सांगतो, भिकन. इथे नको."

पण भिकन पेटला होता. त्यानं पिशवीतून बांबूची कांबी आणि चाकू काढला आणि सगळ्यांच्या देखत पंडितच्या हातात ठेवला. "ही तास. एवढी तासून दाखव, मग खुशाल उडव."

लोक हसले. पंडितनं चाकू घेतला. कांबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. चाकू घसरून बोटात गेला. रक्त आलेलं त्याला आधी कळलंच नाही. दुसऱ्या कुणीतरी ओरडून सांगितलं.

"दिसत नाही मला!" पंडित ओरडला. "झालं समाधान? वर्ष झालं, जवळचं दिसत नाही. आता लांबचंही पुसट होत चाललंय."

तिथे जमलेल्यांत निम्मे रेल्वेचे होते. मालगाडीच्या गार्डाला दिसत नाही, ही गोष्ट कुणी पोटात ठेवावी, अशी नव्हतीच. कुणीतरी साहेबाच्या कानावर घातली. पंधरवड्यात रेल्वेच्या डॉक्टरनं पंडितला तपासलं आणि त्याची नोकरी गेली. सांगणारा चुकला, असं भिकनलाही म्हणता येईना. गाडीच्या मागे एक आंधळा गार्ड दिवा घेऊन उभा, हे चित्र त्याच्याही डोळ्यांपुढून हलेना. पण ती गोष्ट तशी बाहेर यायला नको होती. पंडित स्वतःच सांगणार होता, कदाचित त्याच संध्याकाळी.

पंडितनं चाळ सोडली आणि तो नशिराबादला भावाकडे राहायला गेला. बरडावरची गर्दी वितळली. लोक भिकनच्या वाटेला जाईनात. मग लढाई सुरू झाली आणि विलायती माल यायचा थांबला. ज्यांच्याकडे होती त्यांची विमानं मोडली, ती दुरुस्त करायला कुणी भिकनकडे आलं नाही.

भिकननं एक विमान केलं. इतकं मन लावून त्यानं कधी केलं नव्हतं. ते घेऊन तो एका दुपारी नशिराबादला गेला. दारात पंडितची बायको तानुबाई होती. तिचं माहेर शिरपूरकडचं. रागावली की ती माहेरच्याच अहिराणी बोलीत बोले.

"काब्र उनात भाऊ?" ती म्हणाली. "त्यास्ना डोया ग्यात, नोकरी गई. आते काय लेवाले उनात?" डोळे गेले, नोकरी गेली, आता आणखी काय न्यायला आलात, असं तिचं विचारणं होतं.

आतून पंडितनं विचारलं, "कोण आहे?"

"मी. भिकन."

मग पंडित चाचपडत उंबऱ्यापर्यंत आला. भिकननं विमान त्याच्या हातात दिलं. पंडितची बोटं पंखावरून, शेपटीवरून फिरली. एकदा त्यानं ते तोलूनही पाहिलं.

"चांगलं केलंयस," तो म्हणाला आणि विमान परत केलं. "जा आता. गाडी चुकेल."

त्याच्या आवाजात राग असता, तर भिकनला बरं वाटलं असतं.

त्यानंतर काही वर्षं भिकन एकटाच बरडावर जात राहिला. शेचाळीसच्या हिवाळ्यात लोको शेडमधली तीन-चार तरुण मंडळी तिथे आली. भिकननं ना अट घातली, ना भाषण दिलं. आपलं विमान त्यांच्या हातात दिलं, दोरा कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी ते उडवलं, मोडलं, हसले. भिकनही हसला.

"पुढच्या रविवारी येतो, नाना," ते म्हणाले.

भिकननं आठवडाभर जागून त्यांच्यासाठी भेंडाचे पंख कापून ठेवले, कांब्या तासून ठेवल्या, म्हणजे त्यांना नुसतं जोडायचं राहील. रविवारी तो उजाडायच्या आत बरडावर हजर होता. पोरं आली, बोलल्याप्रमाणे आली. त्यांच्याजवळ बॅट होती, चेंडू होता.

"नाना, जागा झकास आहे," त्यातला एक म्हणाला. "आम्हाला एक माणूस कमी पडतोय. अंपायर व्हाल?"

भिकननं पिशवी बाभळीखाली ठेवली आणि ऊन चढेपर्यंत तो स्टंपांमागे उभा राहिला.