वखर जिथं उचलला जाई

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या रानाला फाल्गुनात एक वेगळाच गंध येतो. वाळलेल्या मुळांचा, उन्हानं भेगाळू लागलेल्या काळ्या मातीचा आणि नाल्याकाठच्या पळसांवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचा. दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात यंदा त्या गंधात डिझेलचा धूर मिसळला होता. वाटणीत नाल्याकडचा तुकडा धाकट्या दिरांच्या चिठ्ठीत निघाला, त्यांच्या मुलाला तिथं शेततळं खोदायचं होतं आणि त्यासाठी आणलेलं यंत्र धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन उभं राहिलं होतं. तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, त्या यंत्रासमोर गेले आणि म्हणाले, “इथं नको रे बाबू. इथं आमचं लेकरू हाय.” मी मागेच उभी होते. ती जागा मलाही त्याच क्षणी कळली.

माझं पहिलं बाळ जन्मतःच निष्प्राण होतं. मी ग्लानीत असतानाच त्याला नेलं. आमच्याकडे अशा बाळाला अग्नी देत नाहीत. शेतात कुठं तरी पुरतात, वर बोरीच्या काट्या टाकतात. आईला ना जागा दाखवायची, ना बाळाविषयी काही सांगायचं. पुढच्या कुशीला बाधा होते म्हणे! सासूबाईंनी ह्यांना तशी शपथच घातली होती. मुलगा होता की मुलगी, एवढंही मला कुणी सांगितलं नाही. विचारलं की विषय बदलला जाई. पुढे दोन मुलगे झाले, शाळेतली नोकरी झाली, निवृत्तीही झाली. पण तुम्हीच सांगा, घर भरलं म्हणून ती एक ओंजळ भरते का? ज्याचं सुतक धरलं नाही, ज्याला नाव ठेवलं नाही, त्याच्यासाठी आईनं रडायचं तरी कोणत्या तिथीला?

आता आठवतं, बैल जुंपून रान वखरताना त्या कोपऱ्यात पोचले की हे वखर उचलून घेत आणि थोडा पुढे नेऊन टाकत. गवतानं माजलेला तो तुकडा पाहून मी कितीदा थट्टा केली असेल, तिथं काय सोनं पुरलंय म्हणून! हे बैलांना हाकत पुढे जात. वाटणीच्या दिवशी एक शब्द बोलले असते, तर धाकट्या दिरांनी तो तुकडा हसत दिला असता. पण न बोलण्याची सवय माणसाला अशी जडते, की बोलायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही.

पुतण्या गुणाचा. “मले काय मालूम, मोठेबाबा? सांगाचं नाई का!” म्हणत त्यानं यंत्र मागं घ्यायला लावलं. तळं दुसरीकडे नेतो म्हणाला. पण उतार तिथलाच, पाणी साचणार तेही तिथंच. शेवटी लेकराला तिथून हलवायचं ठरलं आणि ह्यांनी स्वतः कुदळ घेतली. मला भीती वाटत होती काही दिसण्याची, आणि त्याहून अधिक, काहीच न दिसण्याची. काहीच निघालं नाही. मऊ, ओलसर काळी माती तेवढी. तीच आम्ही टोपलीत भरली, आमच्या वाट्याच्या धुऱ्यावर कडुनिंबाखाली नेऊन पुरली आणि नाल्यातला एक गोटा वर रोवला.

गोटा बसला, तरी माझं मन काही थाऱ्यावर येईना. तिथं कोण निजलंय हेच ठाऊक नसेल, तर नुसती जागा कळून काय करायचं? मी विचारलं, “काय होतं?” ह्यांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, “पोरगी होती. केसं लई होते तिले. कपाळ तुयासारखं.”

मला संताप आला, आणि हेवाही वाटला! ह्यांनी तिला पाहिलं, हातांत धरलं, आणि इतकी वर्षं एकट्यानंच आठवलं. सगळं सांगा म्हणून मी हटून बसले. तिची बोटं कशी होती? डोळे मिटलेले होते का? तुम्ही रडलात का? तो अबोल माणूस कडुनिंबाखाली बसून अडखळत, थांबत सांगत राहिला.

“तुया जुन्या पातळात गुंडाळली होती,” ते म्हणाले, “आईचा वास राहीन तिच्यापाशी म्हनून.”

तेव्हा मी रडले. लेक गेलेली आई रडते तशी, मोठ्यानं, कुणाची चोरी न बाळगता.