बारावी जागा

तिजोरीमामींना रिकामी जागा बघवत नसे. त्यांच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पातेलं असे, आतल्या पातेल्यात तांब्या, तांब्यात वाटी आणि वाटीत लिंबू. सरबताला लिंबू हवं झालं की अर्धं घर उपसावं लागे, पण मामींना त्याचं काही वाटत नसे. "रिकामं भांडं ठिवायचं म्हंजी नुसती हवा साठवायची," असं त्या म्हणत. एस.टी.त त्यांच्याशेजारी बसणं मी टाळायचे. तिघांच्या बाकावर त्या चौथं माणूस बसवत आणि पाचव्याकडे आशेने बघत.

त्या माझ्या मामी नव्हत्या. कोपरगावात आमच्या घरासमोर त्यांचं बंदुकांचं दुकान होतं आणि सगळी गल्ली त्यांना तिजोरीमामीच म्हणायची. दुकान म्हणजे एक खोली, एक काउंटर आणि भिंतीला पाठ लावून उभी असलेली हिरवी तिजोरी. मामा गेल्यावर परवाना मामींच्या नावावर झाला. त्यांचे दीर, नानाकाका, यांना मात्र त्या जागेत मोबाईलची कव्हरं विकायची होती. "वैनी, बाईमाणसानं पिस्तुलं कशापायी सांभाळायची?" असं ते रोज येऊन विचारत. मामी त्यांना चहा देत, कप अगदी काठोकाठ भरलेला, म्हणजे बोलायला तोंड मोकळं राहत नसे.

मी इंग्रजी माध्यमातली. चार माणसांसमोर माझ्या तोंडून कुठल्याच भाषेत शब्द फुटत नसे, पण मामींचा असा समज होता की जिला इंग्रजी येतं तिला सरकार येतं. कॉलेजच्या सुट्टीत त्यांनी मला दुकानातली इंग्रजी कागदपत्रं लिहायला बोलावून घेतलं. "ए इंग्रजी," अशी हाक मारत. मला ते आवडायचं. नाव घेतलं की उत्तर द्यावं लागतं, इंग्रजीला नुसतं लिहिलं तरी चालतं.

त्याच सुट्टीत निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा करावी लागतात. आमच्या उसाच्या पट्ट्यात कमरेला रिव्हॉल्व्हर लावून हिंडणारे पुढारी काही कमी नाहीत. मामींकडे रांग लागली. आणि नेमकी तेव्हाच मामींच्या परवान्याची मुदत संपत होती. नगरहून साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, आलेलं प्रत्येक हत्यार तिजोरीत, कुलपाआड हवं. एकही बाहेर दिसलं तर नूतनीकरण विसरा. नानाकाकांनी त्या दिवसापासूनच काउंटरची लांबी मोजायला सुरुवात केली.

तिजोरी तीन दिवसांत भरली. मी घाबरून मामींकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग होती.

"पिस्तूल बारीकच हाय गं," त्या म्हणाल्या, "त्याचा मानपान मोठा हाय." आणि त्यांनी सगळ्यांचे मखमली डबे, कातडी कव्हरं, दसऱ्याच्या पूजेच्या सुकलेल्या झेंडूसकट उतरवून ट्रंकेत भरली. निम्मी तिजोरी मोकळी झाली. मग घरातून ताटाळं आणलं. त्याच्या दांड्यांना जुनं लुगडं गुंडाळलं आणि ताटांच्या जागी रिव्हॉल्व्हरं उभी केली, एकाची मूठ पुढे, दुसऱ्याची मागे. "लग्नात पोरं निजवत्यात न्हवं, एकाचं डोकं, एकाचे पाय, तशी." त्या महिन्यात मामींच्या घरातली ताटं जमिनीवर रचलेली होती आणि आम्ही सगळे वाकून जेवण वाढून घेत होतो.

प्रत्येक हत्यार हातात आलं की त्या ते आधी उघडून रिकामं असल्याचं तीनदा बघत. गोळ्या वेगळ्या पेटीत. त्यात चेष्टा नाही. बाकी सगळी चेष्टाच होती. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला त्यांनी जाड तारेचे आकडे बसवले, त्यांवर सायकलची ट्यूब चढवली आणि नळीत आकडा घालून पिस्तुलं उलटी टांगली. तिजोरीचं दार आतून सपाट होतं, ते त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. त्यांनी गल्लीतल्या जुन्या जीन्स गोळा केल्या, मागचे खिसे कापून एका चादरीवर शिवले आणि तो खिशांचा पडदा दाराला लावला. प्रत्येक खिशात एक लहान पिस्तूल. दोन खिसे माझ्या जीन्सचे होते. त्यातल्या एकावर गुलाबी फुलपाखरू होतं. त्यात एका कारखान्याच्या संचालकांचं पिस्तूल बसलं.

एके सकाळी सोसायटीचे चेअरमन आणि माजी सरपंच एकाच वेळी आले. दोघांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

"माझं त्याच्या खाली ठिवायचं न्हाई," चेअरमन म्हणाले.

"आन् माझं त्याच्या शेजारी न्हाई," माजी सरपंच भिंतीकडे बघत म्हणाले.

मामींनी दोघांना ताटाळं दाखवलं. "ही पंगत हाय. हितं वर-खाली न्हाई. आन् शेजार नको आसंल तर मदी तलाठ्याच्या मेव्हण्याचं ठिवते. त्यो गरीब हाय, कुणाशी भांडत न्हाई."

दोघेही पावती घेऊन गुपचूप गेले. मी काउंटरखाली वाकून हसले.

तपासणीच्या दिवशी सगळं बसलं होतं, अगदी काठोकाठ. साहेबांची जीप दाराशी थांबली आणि त्यांच्या मागोमागच एक म्हातारे सुभेदार आत आले. त्यांच्या हातात आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याची नळी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत होती.

"उशीर झाला का पोरी?" सुभेदारांनी मला विचारलं. मी मान हलवली. कोणत्या दिशेला ते मलाही कळलं नाही.

मामींनी ते ताटाळ्यात घालून पाहिलं, आकड्याला लावून पाहिलं. दार बोटभर उघडंच राहिलं. साहेब खुर्चीत बसून बघत होते. नानाकाका दारात उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या हातात टेप होता. जागा एकच उरली होती, हे मामींना माहीत होतं आणि मलाही. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, एक गोल पत्र्याचा डबा होता. तिजोरीत हत्यारांखेरीज काही ठेवायचं नसतं. डबा काढावा तर साहेब बघणार, न काढावा तर दार लागत नाही.

मामींनी डबा काढला आणि सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"यात काय आहे?"

"कुरडया."

"तिजोरीत?"

"साहेब, अख्ख्या कोपरगावात हिच्याइतकी कोरडी जागा न्हाई. कुरडई मऊ पडली तर समजायचं, आता पिस्तुलाला गंज चढणार. तुमी मोडून बघा."

साहेबांनी डब्याचं झाकण काढलं. मग एक कुरडई उचलली आणि मोडली. असा कडक आवाज झाला की सुभेदार ताठ उभे राहिले. तेवढ्यात मामींनी त्यांचं रिव्हॉल्व्हर डब्याच्या जागी तिरकं सरकवलं, दार लोटलं आणि किल्ली फिरवली. दार लागलं.

"पण तिजोरीत पुन्हा हे दिसता कामा नये," साहेब म्हणाले.

"आता कशाला ठिवू? आता तळतेच."

आणि तळल्या. साहेब, सुभेदार, जीपचा ड्रायव्हर, सगळ्यांच्या हातात ताटाएवढी कुरडई आली. साहेब खाता खाता थांबले. "मामी, आचारसंहितेत मतदारांना खाऊ वाटता येत नाही."

"मी कुठं उभी हाय, साहेब?"

नानाकाकांनीही दोन खाल्ल्या. टेप खिशात गेला.

साहेबांनी वहीत इंग्रजीत शेरा लिहिला. ते गेल्यावर मामींनी वही माझ्यापुढे सरकवली. मी वाचून मराठीत सांगायला लागले. नूतनीकरणास हरकत नाही, असं लिहिलं होतं. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मग मी पुढचं वाक्य वाचलं. साठवणूक व्यवस्थित, तिजोरीत आणखी बारा हत्यारांस जागा उपलब्ध.

मामींनी पदर खाली घेतला. "बारा? कुठं दिसल्या त्याला?"

"मामी, आपलं भलं व्हावं म्हणून त्यांनी तसं लिहिलंय."

"सरकारी माणूस वहीत खोटं लिहील व्हय?" त्यांनी तिजोरी उघडली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

निवडणूक झाली, हत्यारं परत गेली, पण मामींचा शोध चालू राहिला. दोन जागा त्यांना त्याच आठवड्यात सापडल्या. दिवाळीपर्यंत सात झाल्या. मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा अकरा झाल्या होत्या. मग एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"सापडली."

"काय, मामी?"

"बारावी. बिजागरीच्या मागं. मूठ वर, नळी खाली, जरा तिरपं. साहेबाला कळीव. इंग्रजीतनं."

मी खरंच पत्र लिहिलं. आपल्या शेऱ्यात नमूद केलेल्या बाराही जागा आढळल्या आहेत, पाहणीसाठी यावे. मामींनी ते फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. उत्तर आलं नाही. मामी त्याची वाट बघत होत्या की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुकान बंद करायचं ठरलं. परवाना शेवटपर्यंत त्यांच्या नावावर होता. शिल्लक माल ताब्यात घ्यायला नगरहून नवे साहेब आले. किल्ल्या द्यायला आणि इंग्रजी कागद बघायला नानाकाकांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. साहेबांनी फाईल चाळली आणि माझ्या पत्राच्या प्रतीवर बोट ठेवलं.

"या बारा जागा कोणत्या?"

नानाकाका माझ्याकडे बघत राहिले. मी तिजोरी उघडली. ती जवळजवळ रिकामी होती, त्यामुळे प्रत्येक जागा हाताने दाखवावी लागली. ताटाळ्याच्या कडेची, खिशांच्या पडद्यावरची, वरच्या फळीच्या कोपऱ्यातली. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे, मध्ये एकदा चहा आला आणि गारही झाला. बारावीसाठी मला जमिनीवर बसावं लागलं. साहेबही शेजारी बसले, वाकले, मोबाईलचा उजेड बिजागरीमागे टाकला.

"तिरपं ठेवलं तर बसेल," ते म्हणाले.

"मूठ वर," मी म्हणाले.