वांगी रंगाच्या लुगड्याचे तीन जोड

गणपती बसण्याच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ रोजी, कमला तांबे यांच्याकडे सहा गोधड्यांचं काम होतं. चार रत्नागिरी शहरातल्या, दोन हातखंब्याच्या. सगळ्यांना त्या शनिवारपर्यंत हव्या होत्या, कारण रविवारपासून मुंबईची माणसं गावी उतरणार होती आणि घरोघरी पांघरुणं कमी पडणार होती. कमलाबाईंचं घर हातखंब्यापासून आत, कातळावरच्या वाडीत आहे. वय त्या अठ्ठावन्न सांगतात. आधारकार्डावर एकसष्ट आहे. गोधड्या त्या तीस वर्षं शिवतात, हे मात्र चार घरांकडून स्वतंत्रपणे पडताळता आलं.

त्या आठवड्यात पाऊस थांबला नाही. गोधडीसाठी आलेल्या जुन्या साड्या आधी धुवाव्या लागतात, आणि धुतलेलं काही वाळत नव्हतं. चुलीवरच्या दोरीवर साड्या टाकून कमलाबाई त्या उलटसुलट करत राहिल्या. हल्ली येणाऱ्या गाठोड्यांत सुती कापड थोडं असतं. त्या आठवड्यातल्या एकतीस साड्यांपैकी एकोणीस नायलॉनसारख्या निसरड्या होत्या. असं कापड घडीत बसत नाही, सुई त्यातून सरकते आणि टाका सैल पडतो. सून आम्रपाली अंगणवाडीत जाते. निघण्याआधी ती वीस सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवते, कारण सुईचं नेढं आता कमलाबाईंना दिसत नाही. वीस सुया संपल्या की काम थांबतं. सोमवारी त्या दुपारी तीनलाच संपल्या.

रत्नागिरीतल्या मांडवीच्या आनंदीबाईंचं गाठोडं मंगळवारी सोडलं गेलं. आनंदीबाईंचे यजमान बोटीवर होते, मुलगा संदेशही जहाजावर असतो. घरी त्या आणि सून वैष्णवी. या घराच्या गोधड्या कमलाबाई पहिल्यापासून शिवतात. तीस वर्षांत त्या माजघरात गेलेल्या नाहीत. ‘काम पडवीतलंच’ असं कमलाबाई आणि आनंदीबाई दोघीही, वेगवेगळ्या दिवशी, त्याच शब्दांत सांगतात.

गाठोड्यात पाच साड्या आणि एक नऊवारी लुगडं निघालं. वांगी रंगाचं, पिवळ्या काठांचं, सुती, डांबरगोळीच्या वासाचं. कमलाबाईंना ते गोधडीत घालण्याइतकं जुनं वाटलं नाही. त्यांनी वैष्णवीला फोन केला. फोनच्या नोंदीत तो सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांचा आहे, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. ‘काठाचं एक चांगलं हाय, ते घालू काय?’ असं आपण विचारलं आणि ‘असेल ते सगळं घाला’ असं उत्तर आलं, असं कमलाबाई सांगतात. वैष्णवीला हे मान्य आहे. पण त्या वेळी दारात रंगारी उभा होता आणि ‘काठाचं’ म्हणजे आपली निळी साडी असं तिला वाटलं. दोन्ही सांगण्यांत विसंगती नाही.

कमलाबाईंनी लुगडं आडवं फाडून चार सारखे तुकडे केले. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. काठ त्या कधी कापून टाकत नाहीत. ते दुमडून कडेला घेतात. आत पाच साड्यांचे थर. मग कडेपासून मध्याकडे टाके घालत जायचं, गोधडीवरच बसून. गुरुवारी संध्याकाळपर्यंत टाक्यांचे अकरा फेरे झाले होते.

शुक्रवारी सकाळी वैष्णवीचा फोन आला. सासूबाईंनी गौरीची ट्रंक उघडली होती आणि सोनूबाईंचं लुगडं त्यात नव्हतं.

सोनूबाई या आनंदीबाईंच्या सासूबाई. त्या गेल्यावर दरवर्षी गौर त्यांचंच लुगडं नेसते, असा या घरचा रिवाज. आनंदीबाईंच्या मते त्याला चाळीस वर्षं झाली. घरातल्या १९९६ च्या एका फोटोत गौर वेगळ्याच साडीत दिसते. तो दाखवल्यावर त्या म्हणाल्या, ‘त्या साली मी आजारी होते. जावेनं नेसवलान. तिला काय ठावं?’ रिवाज अखंड आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पण त्या शुक्रवारी तो कोणाला पडलाही नव्हता. गौर रविवारी, ३१ तारखेला यायची होती, आणि लुगडं अकरा फेऱ्यांखाली होतं. ट्रंकेतल्या वस्तूंना हवा देताना वैष्णवीनेच ते चुकून जुन्या साड्यांच्या ढिगावर ठेवलं होतं.

दुपारी ती स्कूटरवरून वाडीत आली. रेनकोटही न काढता गोधडीसमोर बसली.

‘मावशी, उसवता येईल?’

‘उसवायला काय, येतं. दोन दिवस जातील.’

‘मग जोडून द्या. तुमचा टाका कोणाला दिसतोय? आईंना तर आता सकाळचा पेपरही दिसत नाय. नेसवणार मीच. एक जोड निऱ्यांत घालीन, एक मागं जाईल.’

‘आणि तिसरा?’

‘पदराखाली. कोणाला कळणार नाय.’

कमलाबाईंनी गोधडी उलटी केली आणि ब्लेडने पहिला टाका कापला. ‘जोडून देते,’ त्या म्हणाल्या. ‘पण सांगून देणार.’

‘मावशी, कशाला?’

‘आज कोण बघणार नाय. चार वर्षांनी कोणतरी काठ चाचपून बघंल. तेव्हा तुझं नाव निघायचं नाय गो, माझं निघंल. तांब्यांच्या कमलीनं देवीचं लुगडं फाडलान आणि गुपचूप शिवून ठेवलान. फाडलं ते फाडलं. गुपचूप मला नको.’

‘माझी सासू मला घराबाहेर काढील.’

‘तुझं नाव मी नाय घेत. पण विचारलान तर खोटं नाय बोलणार.’

वैष्णवी निघून गेली. आम्रपाली सहाला अंगणवाडीतून आली आणि उसवलेल्या दोऱ्यांचा ढीग बघून दारातच थांबली.

‘आई, हातखंब्याच्या दोन गोधड्या उद्या द्यायच्यात.’

‘म्हायत हाय.’

‘मग त्या कोण शिवणार, मी? मला तर सरळ टाका पण येत नाय, तुम्हीच सांगता सगळ्यांना.’

‘नाय येतच,’ कमलाबाई म्हणाल्या. ‘सुया ओवून ठेव. चाळीस.’

शनिवार उसवण्यात गेला. टाके उपसताना कापडाला भोकं राहतात. ती बुजावीत म्हणून कमलाबाईंनी एकेक फेरा ओल्या फडक्याने दाबून बोटांनी चोळला. ही रीत त्यांच्या आईची. ती कितपत उपयोगी आहे हे सांगता येत नाही, पण जवळून पाहिलं तरी भोकं फारशी दिसली नाहीत. आतल्या पाच साड्या बाजूला पडल्या. उजव्या अंगठ्याला दोन जागी चीर गेली, तिच्यावर त्यांनी चिंधी गुंडाळली. रविवारी तीन जोड घातले; वांगी रंगाचा दोरा मिळेना, म्हणून लुगड्याच्याच कडेचे धागे ओढून त्यांनी शिवलं. ज्या बाईला हातखंब्याच्या दोन गोधड्या हव्या होत्या, तिने रविवारी दुकानातून ब्लँकेटं आणली. तसा निरोप तिने पाठवला; रागाचा नव्हता.

सोमवारी सकाळी कमलाबाई एसटीने शहरात आणि तिथून मांडवीला गेल्या. आनंदीबाई पडवीत चिंचेने समया घासत बसल्या होत्या. वैष्णवी आतल्या दारात उभी राहिली.

‘आलीस काय गो? गोधडी कुठं हाय?’

‘गोधडी नाय झाली, काकी. लुगडं आणलंय.’ आणि त्यांनी क्रमाने सगळं सांगितलं: गाठोडं, फाडणं, अकरा फेरे, उसवणं, जोड. फोनबद्दल त्या बोलल्या नाहीत.

आनंदीबाईंनी हात पुसले, लुगडं मांडीवर घेतलं आणि काठावरून बोट फिरवत गेल्या. दोनदा सगळं चाचपून झालं.

‘कुठं हाय?’

कमलाबाईंनी त्यांचं बोट धरून एकेका जोडावर ठेवलं. ‘हा एक. हा दुसरा. हा पदराकडचा.’

‘तू सांगितलं नसतंस तर मला काय कळतं?’

‘नसतं कळलं.’

‘गाठोडं कोणी बांधलान?’

‘माझ्याकडं बांधलेलंच आलं.’

मग वैष्णवी दारातून म्हणाली, ‘मी बांधलं, आई. मावशींनी फोन करून विचारलान पण होतं. मी नीट ऐकलं नाय.’

‘तू काय नीट ऐकतेस?’ आनंदीबाई म्हणाल्या. ‘मीठ घाल म्हटलं की साखर घालतेस.’ वैष्णवी आत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

आनंदीबाईंनी लुगड्याची घडी घातली. घालताना त्यांनी जोड आत जातील असं बघितलं, मग घडी मोडून परत घातली.

‘फाटलेलं देवीला नाय चालायचं, कमला. कितीही चांगलं जोडलंस तरी. माझ्या सासूनंही नसतं नेसवलान. संदेशनं गेल्या वर्षी साडी आणलान, ती नेसंल गौर.’

‘बरं.’

‘हे घेऊन जा. माझी गोधडी कर. एकटीची. थंडीत अंगावर घेईन.’

कमलाबाईंनी लुगड्याकडे पाहिलं. ‘परत फाडायचं?’

‘तुझेच जोड, तुझ्याच हातानं उसव. मला आता डोळ्यांनी जमत नाय.’

‘दिवाळीनंतर देईन.’

‘दे. घाई कोणाला हाय?’

आनंदीबाईंच्या शेजारच्या गल्लीतल्या तीन घरांनी दिवाळीसाठी कमलाबाईंकडे गाठोडी दिली आहेत. चौथ्या घराने दिलेलं नाही. कारण विचारल्यावर ‘यंदा नको’ एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यावरून काही निष्कर्ष काढणं योग्य नाही.

परतीच्या बससाठी त्या दिवशी कमलाबाई स्टँडवर पाऊण तास बसल्या होत्या, लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत मांडीवर घेऊन. बस हातखंब्याकडे जाणाऱ्या मुंबईकरांनी भरून आली आणि ती सोडून द्यावी लागली. त्या वेळी मनात काय होतं, असं नंतर त्यांना विचारलं.

‘काय असणार?’ त्या म्हणाल्या. ‘पाठ भरून आली होती. पुढच्या बसला बसायला जागा मिळू दे, एवढंच.’