ओल झाकली आणि गिऱ्हाईक गेलं

मित्रांनो, दुपारपासून काही सुचत नाही, म्हणून इथे लिहितोय. आईच्या डायलिसिससाठी जव्हारचं घर विकून आम्हाला नाशिकला राहायला जायचं आहे. एसटीने घाटातून जाणं-येणं तिला आता झेपत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला पावसाची ओल आली होती. विकण्याआधी घर नीट दिसावं म्हणून मी ती घासून दोनदा रंगवली.

आज जामसरचे एक गुरुजी घर बघायला आले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "भाऊ, गणपती आत्ताच गेले. माझ्या घरी, शाळेत, सगळीकडे ओल आहे. तुमचीच भिंत कोरडी कशी?"

"ओल होती, गुरुजी. साधीच."

"साधी होती तर झाकली कशाला? आणखी काय काय झाकलंय?" असं म्हणत त्यांनी चपला घातल्या.

आई आतून म्हणाली, "नवरीसारखी नटवलीस ना भिंत? पळाला बघ नवरा!" हसता हसता तिला धाप लागली.

दुसरं गिऱ्हाईक नाही. उद्या पुन्हा एसटी आहे.

खरं सांगा, तुम्ही घर बघायला आला असता, तर माझ्यावर विश्वास ठेवला असता का?