वाचन तासाचा फोटो

पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवणं हे एकच काम मला मनापासून जमतं. बाकी माझ्या हातून कागदसुद्धा सरळ फाटत नाही. दिंडोरीकडच्या आमच्या छोट्या शाळेत दिवाळीपर्यंत पहिलीचं पोर धडा वाचायला लागायचं, आणि मी पंचवटीतल्या घरी फुशारकी मारायची.

यंदा मुख्याध्यापक सरांची बदली झाली आणि त्यांचा पदभार माझ्या गळ्यात पडला. पहिलीचा वर्ग होताच. मग सुरू झाले फोटो. पोरं हात धुताना, खिचडी खाताना, झाडाला पाणी घालताना, वाचन तासाला पुस्तकं धरून बसलेली. प्रत्येक फोटो तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळेत गेलाच पाहिजे, नाहीतर शिक्षण खात्याच्या साहेबांचा फोन. वर्गात जायचं, फोटो काढायचा, पुन्हा ऑफिसात माहिती भरत बसायचं. घरी गेल्यावर कुणी नुसतं ‘चहा घेतेस का’ विचारलं तरी मी अंगावर जायची. शिकवायचं राहतंय हे कळत होतं, पण हे संपलं की बसूच, असं रोज म्हणत होते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी फोन बंद पडला. इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नसता! फोन ऑफिसात चार्जिंगला लावला आणि मोकळ्या हातानं पहिलीच्या वर्गात गेले.

मला बघताच पोरांनी झटकन पुस्तकं काढली, रांगा सरळ केल्या, ओळीवर बोट ठेवलं. किती शहाणी झाली गं बाई, असं वाटून मी खूश. मग लक्षात आलं, पुस्तकात कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

पुढच्या रांगेत द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या जोडप्याची मुलगी बसली होती. तिला म्हटलं, “वाच ना गं.”

“वाचते ना मॅडम,” बोट न हलवता ती म्हणाली. “फोटू काढा. मंग ठिवतो पुस्तकं.”

मला धक्काच बसला. पहिलीत आल्यापासून या लेकरांनी वाचन म्हणून एवढंच पाहिलं होतं. पुस्तक धरायचं, हसायचं, ठेवून द्यायचं.

“आज फोटो नाही काढायचा,” मी म्हटलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ती मुलगी हळूच म्हणाली, “काढा ना मॅडम. नायतर ते सायेब परत रागवतील. त्या दिशी तुमी तांदळाच्या खोलीत रडत व्हत्या. आमी पाह्यलं.”

त्या खोलीचं दार मी लोटून घेतलं होतं. कुणाला पत्ता नाही अशा समजुतीत मी होते, आणि सहा वर्षांची पोरं माझ्यावर बोलणी येऊ नयेत म्हणून रोज श्वास रोखून बसत होती.

“आमी आजाबात हालत नाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी पुढच्या रांगेतल्या त्या मुलीशेजारी जमिनीवर बसले. तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर नेलं आणि मोठ्यानं ते म्हटलं. तिनं अक्षराकडे पाहिलंच नाही. मान ताठ ठेवून ती माझ्याकडे बघत हसत राहिली.