मराठी पानावर राहिलेली नावं

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. आज इथं जयपूरला आमच्या कॉलेजात एका कंपनीचा माणूस ‘स्वतः बनवलेली’ कॉम्प्युटर सिस्टिम दाखवायला आला.

मी बघताच ओळखली. ती आम्ही हौशी लोकांनी मिळून बनवलीय, फुकट वाटतो. अट एकच, तिच्यातल्या माहितीच्या पानावरची आमची नावं पुसायची नाहीत. हे पान प्रत्येक भाषेत वेगळं असतं. यानं हिंदी-इंग्रजी पानांवरची सगळी पुसली होती.

मी उठून त्याच्या कॉम्प्युटरवर भाषा मराठी केली. जयपूरमध्ये ते पान कोण उघडणार? त्या पानावर सगळी नावं शाबूत होती. माझ्या नावावर बोट ठेवलं.

निर्लज्ज हसून म्हणाला, “थँक्यू मॅडमजी, ये रह गया था. आज ही हटा देंगे.”

म्हणजे माझं नाव पुसायला मीच मदत केली. तुम्ही गप्प बसला असता का?